माझ्या टॅबना हात लावायचा नाही

धाकटी दुकानात आली की पिशवी खुंटीला अडकवते, चष्मा पुसते आणि माझ्या संगणकाकडे बघून उसासा टाकते, आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यासारखा. तो उसासा ऐकला की माझी मान आपोआप ताठ होते. त्या दिवशीही झाली.

"ताई, अजून वाढले," ती म्हणाली.

वाढले होते ते टॅब. पडद्याच्या वरच्या कडेला त्यांची रांग लागलेली असायची. सुरुवातीला प्रत्येकावर नाव वाचता येत होतं. मग नावं आखडली, मग नुसती चित्रं उरली, आणि आता ती चित्रंही टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती. धाकटीच्या मते तो उकिरडा होता. माझ्या मते ते माझं दुकान होतं.

मी खुर्च्या दुरुस्त करते. वेताच्या बैठका विणणं हे मुख्य काम. शिवाय गादी भरणं, ढिले सांधे आवळणं, मोडके पाय बदलणं. वडिलांच्या हाताखाली शिकले आणि ते गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. त्यांनी घालून दिलेली एक रीत अजून चालते. काम बाकी असलेली खुर्ची उलटी ठेवायची, पाय छताकडे. काम पुरं झालं की सरळ करून दाराशी नेऊन ठेवायची. उलट्या खुर्चीला कारागिराशिवाय कुणी हात लावायचा नाही, ज्याची खुर्ची आहे त्यानेसुद्धा नाही. एकदा एका घाईच्या गिऱ्हाइकाने स्वतःच खुर्ची सरळ करून वर बसून बघितलं. सांध्यातला सरस अजून ओला होता. पाय निसटला आणि गृहस्थ जमिनीवर. वडिलांनी त्यांना उठायला हात दिला, पण आधी खुर्ची परत उलटी केली.

टॅबही मी तसेच ठेवत आले. उघडा टॅब म्हणजे उलटी खुर्ची. काम बाकी आहे, हात लावायचा नाही.

हे धाकटीला पटत नाही, कारण तिला पान पुन्हा शोधणं सोपं जातं. चार शब्द टाइप केले की झालं. मला अक्षरं साठी उलटल्यावर आली, आणि ती तिनेच शिकवली. आमच्या घरातून एकीलाच शाळेत पाठवणं जमण्यासारखं होतं. मी थोरली, म्हणून मी दुकानात गेले आणि ती शाळेत. पुढे ती शिक्षिका झाली आणि निवृत्त होताच तिने मला धरून बसवलं. शाळेतल्या पोरांना दिला नसेल एवढा जाच मला दिला. आता मी वाचते. सावकाश वाचते, पण माझं मी वाचते. टाइप मात्र एका बोटाने करते, आणि ते बोटही वेत ओढून ओढून वाकडं झालेलं. शोधून काढलेलं पान हातचं सोडायचं म्हणजे माझी अर्धी सकाळ गेली. म्हणून मी सोडत नाही. संगणकही कधी बंद करत नव्हते. संध्याकाळी नुसता पडदा काळा करायचा आणि दुकानाला कुलूप लावायचं.

पण त्या दिवशीचा उसासा उगाच नव्हता. एका वाचनालयाने त्यांच्या सगळ्या खुर्च्यांच्या दुरुस्तीबद्दल मला विचारलं होतं. मी तो निरोप वाचला, उत्तर नीट विचार करून द्यावं म्हणून उघडा ठेवला, आणि मग तो त्या टाचण्यांच्या रांगेत असा हरवला की शोधता शोधता संगणकच गोठला. संध्याकाळपर्यंत बाण हलेना, काही हलेना. तेवढ्या दिवसांत त्यांनी काम दुसऱ्या कुणाला दिलं. वाचनालयाच्या बाई वाटेत धाकटीला भेटल्या आणि त्यांनी तिला सांगितलं. मला सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तिला सांगितलं, हे मला जास्त लागलं.

त्यात जागेचा करार संपत आला होता. दुकान पुढे चालू ठेवणार की सोडणार, ते महिनाअखेरपर्यंत जागामालकांच्या पानावर भरून कळवायचं होतं. तेही पान मी उघडून ठेवलं होतं. कुठेतरी.

"माझी मागची खोली रिकामी आहे," धाकटी म्हणाली. "मोठी खिडकी आहे, दिवसभर ऊन असतं. पुरे झालं आता दुकान."

"आणि तिथे मी काय करू? उन्हात वाळत पडू?"

ती हसली नाही. तिने सगळं आधीच ठरवून आणलं होतं, शाळेत परीक्षेचं वेळापत्रक आणावं तसं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती येणार. एक पान मागणार, कुठलं ते आधी सांगणार नाही. तिचा चहा संपायच्या आत मी ते काढून दाखवायचं. नाही सापडलं, तर दुकान सोडायचं आणि कुरकुर न करता तिच्याकडे राहायला जायचं.

"आणि सापडलं तर?"

"तर मी या विषयावर तोंड उघडणार नाही."

"कधीच?"

तिने चष्मा काढला, पुन्हा पुसला. "ताई, जमेल तेवढं."

मी होकार दिला. रागाच्या भरात दिला, पण दिला.

धाकटीचा एक गुण आहे. परीक्षा घ्यायची ठरवली तरी आधी शिकवल्याशिवाय ती राहत नाही. दुसऱ्याच दिवशी ती सकाळीच हजर झाली. माझा ब्राउझर जुना झाला होता, त्याला नवी पानं झेपत नव्हती आणि बनवणाऱ्यांनीही त्याच्याकडे बघणं सोडून दिलं होतं. म्हणजे नवा निवडायला हवा होता. ब्राउझर म्हणजे काय ते तिने मला पूर्वीच समजावलं होतं. पानं दूर कुठेतरी असतात, हा ती आणतो आणि आपल्यासमोर धरतो. म्हणजे हमालच. मग हमाल निवडायला एवढा खल कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, की कोण लवकर आणतो, कोण आपल्या खिशात डोकावतो, कोण एका वेळी किती ओझं धरू शकतो, हे बघायला हवं.

तिने तिघे उमेदवार उभे केले. पहिला तिचा लाडका. त्याची तारीफ तिने अशी केली, जणू मुलगी दाखवायला नेली आहे आणि मुलाकडचे कसे खानदानी आहेत हे सांगायचं आहे. चपळ आहे, सगळं जग तोच वापरतं, बिघडला तर विचारायला शंभर जण सापडतील. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, मी बसून बघते.

खुर्ची कशी आहे हे मी तिच्याकडे बघून ठरवत नाही. अंग टाकून बसते, डुलते, मागे रेलते. तसंच केलं. धाकटीने जुन्यातल्या सगळ्या पानांची आधी एक मोळी बांधून ठेवली. तिघांतही थोडी थोडी पानं उघडली आणि संगणकाचा खटका बंद केला, निरोप न घेता, वीज गेल्यासारखा. धाकटीने कपाळाला हात लावला. मग पुन्हा चालू करून बघितलं, की माझी पानं कोण परत आणतं.

पहिल्याने डोंगराचं छान चित्र दाखवलं आणि खाली काही नाही. माझी पानं कुठे गेली याची त्याला खंतही नव्हती. दुसऱ्याने सगळी आणली, पण तीच आडवी रांग, तीच टाचणीची डोकी. शिवाय धाकटीने वाचून सांगितलं, की बरेच दिवस हात न लावलेला टॅब तो आपल्या मनाने बंद करतो. असला उठाठेव करणारा माणूस मी दुकानात झाडायलाही ठेवणार नाही. तिसऱ्याने पानं परत आणली आणि डाव्या बाजूला एकाखाली एक लावली, प्रत्येकाचं नाव पुरतं वाचता येईल अशी. हवे तेवढे टॅब एका गटात घालायचे, गटाला नाव द्यायचं, रंग द्यायचा. काम नसेल तेव्हा गटाच्या नावावर टिचकी मारली की तो मिटतो, पुन्हा मारली की उघडतो.

"हा," मी म्हटलं.

धाकटीला ते आवडलं नाही. पहिल्याचं ते पानं परत आणायचं सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं, असं ती सांगू लागली. मी म्हटलं, बसताक्षणी मोडलेल्या खुर्चीचाही पाय बदलता येतो, ते तर माझं कामच आहे, पण म्हणून मी मोडकी खुर्ची घरी नेत नाही.

"अगं, सगळं जग पहिला वापरतं."

"सगळं जग प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतं."

तिच्या घरातही दोन आहेत.

मग गटांवरून वाजलं. तिला चार गट हवे होते: सामान विकणारे, गिऱ्हाइकं, शिकण्याचं, आणि इतर. मला यातलं काही नको होतं. 'इतर' तर नकोच. माझ्या दुकानात 'इतर' अशी जागा नाही. तुम्ही मला विचारा, अमुक खुर्चीचा हात कुठे आहे, तर मी सांगेन माळ्यावर, डाव्या कोपऱ्यात. मला गोष्टी जागेने सापडतात. म्हणून मी गटांना जागांची नावं दिली. 'दाराशी' म्हणजे लवकर जायचं, उत्तर द्यायचं. 'बाकावर' म्हणजे काम चालू. 'माळ्यावर' म्हणजे आज उपयोग नाही पण टाकायचं नाही. आणि 'खिडकीत'. दुपारी मी खिडकीपाशी बसते, कुणाचं काम करत नाही. तिथे माझी स्वतःची पानं. एका लांबच्या बंदराचं पान आहे, तिथल्या धक्क्यावर कॅमेरा बसवलेला आहे आणि बोटी येता-जाताना दिसतात. मी ते उगाच बघते.

ही नावं टाइप करायला मला बराच वेळ लागला. धाकटीचे हात शिवशिवत होते. मी तिला कळफलकाला हात लावू दिला नाही.

जुन्या ब्राउझरमधल्या पानांची बांधलेली मोळी नव्यात कशी उघडायची, हे तिने मला दाखवलं, आणि मी एकेक पान बघून जागेवर लावायला बसले. पुष्कळ पानं बंदही केली. ज्या गादीच्या कापडासाठी उघडलं होतं ती गादी केव्हाच भरून गेली होती, ज्या स्क्रूसाठी उघडलं होतं ते स्क्रू येऊन बसलेही होते. धाकटी डोळे मोठे करून बघत राहिली. तिला वाटलं होतं मी एकालाही सोडणार नाही. मला बंद करण्याचं वावडं नव्हतंच. दुसऱ्याने बंद करण्याचं होतं.

एका पानावर ती अडली. त्यावर कसली तरी परकी लिपी होती, आणि एक चित्रफीत. एक म्हातारी वेत ओढत होती. चेहरा दिसत नव्हता, नुसते हात.

"हे तरी जाऊ दे, ताई. ही भाषा कुठली तेही तुला ठाऊक नाही."

मी तिच्याकडे बघितलं. "मला कुठलीच भाषा वाचता येत नव्हती तेव्हाही मी हात बघूनच शिकले," मी म्हटलं आणि ते पान माळ्यावर टाकलं.

त्यानंतर आलं वेताचं पान.

इथे सलूनवाल्याबद्दल सांगायला हवं. आमच्या समोरच त्याचं सलून. त्याच्याकडे आजोबांपासूनची एक खुर्ची आहे, गिऱ्हाइकाला बसवून केस कापायची, लोखंडी बैठकीवर फिरणारी. तिची पाठ वेताच्या बारीक जाळीची आहे, आणि ती जाळी मधोमध फाटली होती. एवढी बारीक छिद्रं मी फार थोड्या खुर्च्यांना बघितली आहेत. तिला लागणारा अरुंद वेत आता फारसा कुणी ठेवत नाही. शोधता शोधता मला एका विक्रेत्याच्या पानावर त्याची शेवटची जुडी दिसली. तेव्हा मी दुसऱ्या मापाचा वेत मागवून बसले होते आणि ही जुडी पुढच्या खेपेला घेऊ म्हटलं. पान उघडं ठेवलं. सलूनवाल्याला सांगितलं, वेत राखून ठेवला आहे.

त्याची खुर्ची बाकावर उलटी पडून होती, तेव्हापासून. तो गिऱ्हाइकांना साध्या खुर्चीवर बसवून, वाकून वाकून केस कापत होता, आणि दुकानावरून जाताना दर वेळी डोकावायचा. "मावशी, खुर्ची शिजली का?" कधी विचारायचा, "मावशी, तिला पालवी फुटली का?" मी सांगायची, वेत माझ्याकडे आहे, घाई करू नको.

आता नव्या ब्राउझरने ते पान ताजं आणून समोर धरलं. चित्र तेच होतं. खाली लाल अक्षरांत होतं, 'विकले गेले'. मी ते दोनदा वाचलं. अक्षरं ओळखीची होती, अर्थ मान्य नव्हता.

"तू बंद केलंस," मी धाकटीला म्हणाले. "तू जुनं बंद करायला लावलंस आणि तेवढ्यात कुणीतरी नेलं."

 तिने पान खाली सरकवलं आणि बोट ठेवलं. जुडी विकली गेल्याची तारीख होती. मागच्या ऋतूतली. मी पान उघडून ठेवल्यावर थोड्याच दिवसांनी ती कुणीतरी नेली होती. मी मात्र इतके दिवस जुनंच चित्र बघत होते आणि समजत होते, की माझ्या दुकानात उलटी ठेवलेली खुर्ची जशी कुणी नेत नाही, तसं माझ्याकडे उघडं असलेलं पान कुणी नेणार नाही.

"उघडं ठेवलं म्हणजे राखलं जात नाही, ताई," ती हळू म्हणाली. पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं नाही, बहिणीला सांगावं तसं. त्यामुळे मला जास्तच राग आला. ती पुढे म्हणाली, की अशाच गोष्टींची तिला काळजी वाटते. आज वेत, उद्या आणखी काही. माणसाने थांबावं कधीतरी. सलूनवाल्याला ती स्वतः जाऊन सांगेल, तो काही बोलणार नाही.

"तू कशाला सांगतेस? शब्द मी दिलाय."

"मग काय करणार आहेस?"

मला ठाऊक नव्हतं. पण बाकावरची खुर्ची मला दिसत होती, पाय वर करून पडलेली. "ती उलटी आहे अजून," मी म्हटलं. "ती सरळ होईपर्यंत मी कुठेही येत नाही. तुझी खोली उन्हात तापू दे."

ती पिशवी घेऊन निघून गेली. दार आपटलं नाही, पण ओढून घेतलं.

 मी दुकानातला सगळा वेत खाली काढला. होता तो सगळा रुंद. या छिद्रांतून एकदा जाईल, दुसऱ्यांदा अडेल, आणि जाळीला तर वेत पुन्हा पुन्हा ओवावा लागतो. सुरीने कड तासून बघितली. सुरी आत घुसली आणि वेत तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. त्या तुटक्या पट्टीकडे बघताना मला चित्रफितीतले ते हात आठवले.

माळ्यावर टिचकी मारली, गट उघडला. पान चटकन सापडलं, आणि मला अभिमान वाटला हे सांगायला लाज नाही. म्हातारीसमोर लाकडाचा एक ठोकळा होता. त्यात दोन पाती उभी रोवलेली, एकमेकांपासून जरा दूर. ती वेताचं टोक त्या दोन पात्यांमधून घालायची आणि सरळ ओढायची. दोन्ही कडा तारेसारख्या सोलून निघायच्या आणि मधली पट्टी अरुंद होऊन बाहेर यायची. इतके दिवस मी ते नुसतं बघायला आवडतं म्हणून बघत होते.

लाकूड माझ्याकडे होतं. तशी पातळ पाती नव्हती. कुणाकडे असतात ते मला ठाऊक होतं, फक्त तिथे जाणं जिवावर आलं होतं.

सलूनवाला एकाच्या गालाला साबण लावत होता. मी दारातच उभी राहून सांगून टाकलं, की वेत राखलेला नव्हता, माझी समजूत चुकली, आणि आता मला त्याच्याकडची पाती हवी आहेत, कोरी. त्याचा ब्रश हवेतच थांबला. साबण लावलेला माणूसही आरशातून माझ्याकडे बघू लागला.

"म्हणजे खुर्ची माझी, पाती माझी," सलूनवाला म्हणाला. "मग मावशी, तुमचं काय?"

"हात."

त्याने पात्यांची पेटी काढून दिली. वर म्हणाला, बोटं कापून घेतलीत तर मलमपट्टी मात्र तुमची तुम्ही आणा.

पहिल्या दिवशी एकही पट्टी धड निघाली नाही. निम्म्यात यायची आणि तुटायची. जमिनीवर वेताच्या केसांचा ढीग झाला, सलूनमध्ये असतो तसा. दुसऱ्या दिवशी धाकटी आली. रागावून गेली की ती एक रात्रच रागावलेली असते. आल्यावर तिने उसासा टाकला नाही. ढीग बघितला, ठोकळा बघितला, मग पडद्यावरची म्हातारी बघितली. तिने विचारलं, खाली काय लिहिलंय ते बघितलंस का. मी म्हटलं, मला ती लिपी येते का? मग तिने ब्राउझरमध्ये भाषांतराची सोय कुठे आहे ते शोधलं, माऊस माझ्याच हातात ठेवून कुठे टिचकी मारायची ते सांगितलं. परकी अक्षरं गेली आणि आपली आली. भाषांतर भलतंच होतं. 'वेताला तहान लागली असता ओढू नये. तेजस्वी मुख आकाशाकडे ठेवावे. मध्ये विसावा घेतल्यास वेत रागावतो.'

आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मला कळलं. वेत कोरडा नको. चकाकणारी बाजू वर. ओढायला लागलं की थांबायचं नाही. मी भिजवत होते, पण पुरेसा वेळ नाही, आणि अडलं की थांबत होते.

पट्ट्या निघू लागल्या. सगळ्या सारख्या नाहीत. म्हातारीच्या हाताने ओढल्या तशा माझ्या कधी निघणार नाहीत. पण छिद्रांतून जाऊ लागल्या. धाकटी भिजवलेला वेत पुसून माझ्या हातात देत राहिली, आणि या सगळ्यात तिने खोलीचा विषय काढला नाही. परीक्षाही मागे घेतली नाही, हेही खरं.

जाळी पुरी झाली त्या दिवशी मी खुर्ची सरळ केली आणि सलूनवाल्याला हाक मारली. त्याने पाठीवरून तळवा फिरवला. एका बाजूला जाळी जरा दाट आली होती, तिथे त्याचं बोट थांबलं.

"इथे भांग वाकडा पडलाय, मावशी."

"तुझ्या गिऱ्हाइकांचे भांग बघून शिकले," मी म्हटलं.

तो खुर्चीत बसला, रेलला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उठला नाही. मग एकट्यानेच ती उचलून रस्ता ओलांडून नेली.

रविवार उजाडला. धाकटी आली, पिशवी अडकवली, चष्मा पुसला. मी चहा केला. मोठ्या कपात केला, काठोकाठ, आणि उकळता. तिने कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ती चहा गरमच पिते, हे मी विसरले होते.

पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "जागेच्या कराराचं पान काढ."

मला वाटलं होतं ती काहीतरी अवघड मागेल. हे तर सोपं होतं. महिनाअखेरचं काम, म्हणजे दाराशी. मी 'दाराशी' उघडलं. एकाखाली एक नावं वाचत गेले, अक्षर न् अक्षर, बोट पडद्याला लावून. नव्हतं. पुन्हा वरून वाचलं. नव्हतं. मागे धाकटीने फुंकर मारून घोट घेतल्याचा आवाज आला.  माळ्यावर टाकलं असेल का? ते मी कधीच टाकलं नसतं. बंद केलं असेल का, त्या गादीच्या पानांबरोबर? घोटाचा आवाज पुन्हा आला.

मग मी पडद्यावरचं बोट काढलं आणि मान वळवून दुकानाकडे बघितलं. हे पान लावलं तेव्हा सलूनवाल्याची खुर्ची कुठे होती? बाकावर. उलटी. आणि दुकान राहणार की जाणार हे तेव्हा कुणाला माहीत होतं? मला तरी माहीत होतं का? नक्की झालेलं नसताना मी ते दाराशी ठेवलंच नसतं.

'बाकावर' उघडलं. तळाशी होतं.

धाकटीने कप खाली ठेवला. त्यात चहा होता. किती ते मी बघितलं नाही, तिनेही दाखवलं नाही.

पानावर दोन चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं, जागा सोडणार. दुसऱ्यापुढे, पुढे चालू ठेवणार. मी दुसऱ्यात खूण केली. खाली पूर्ण नाव लिहायचं होतं. मी एका बोटाने लिहू लागले.

"मी नुसतं पान मागितलं होतं, ताई," धाकटी म्हणाली.

"सापडलंच आहे तर काम उरकून टाकते."

 नावातलं शेवटचं अक्षर होईपर्यंत तिचा चहा गार झाला. मी पाठवायचं बटण दाबलं. मिळालं, असा निरोप आला. तो मी मोठ्याने वाचला, तिला ऐकू जाईल असा. मग तो टॅब माझ्या हाताने बंद केला, काम झालं म्हणून. यादीत त्याच्या जागी खालचं कुणी सरकून वर आलं नाही, कारण तोच शेवटचा होता.

धाकटीने दाराशी ठेवलेली एक सरळ खुर्ची ओढून आणली आणि माझ्या शेजारी बसली. गिऱ्हाइकाची होती, पण मी बसू दिलं. ती म्हणाली, ते खिडकीतलं बंदर बघू तरी, काय असतं त्यात एवढं. आणि बोलता बोलता तिचा हात माऊसकडे गेला.

"हात लावू नको," मी म्हटलं. "मी दाखवते."